कामापुरते रहिवासी

स्वालबार्डमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या उत्तरेला, आर्क्टिक महासागरात असलेल्या या द्वीपसमूहाची वस्ती जेमतेम अडीच-तीन हजारांची. पॅरिसमध्ये 9 फेब्रुवारी 1920 रोजी झालेल्या करारानं तिथलं नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं, आणि त्याच करारानं सह्या करणाऱ्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे उद्योगधंदा करण्याचा सारखा हक्क मिळाला. ब्रिटनमार्फत भारतही त्यात आला. तिथलं ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र 2008 मध्ये सुरू झालं, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. या बेटांवर मूळ रहिवासी असे कधी नव्हतेच. आधी कोळशाच्या खाणींनी माणसं आणली. नॉर्वेची तिथली शेवटची खाण 2025 मध्ये बंद झाली आणि आता पर्यटन व संशोधनावर पोट चालतं. लाँगयरब्येन या मुख्य गावात पन्नासेक देशांचे लोक राहतात. हॉटेलांत, दुकानांत, साफसफाईच्या कामावर थायलंड आणि फिलिपिन्सचे बरेच. येणाऱ्याला आडकाठी नाही, मात्र त्यानं आपला खर्च आपण भागवला पाहिजे. तो भागवता आला नाही तर गव्हर्नर त्याला परत पाठवू शकतो. मुख्य भूमीवर मिळतं तसं सामाजिक साहाय्य नाही, म्हाताऱ्यांची सोय नाही, बाळंतपणासाठी काही आठवडे आधी बाहेर जावं लागतं. बहुतेक घरं नोकरीशी बांधलेली, त्यामुळे नोकरी गेली की छप्परही जातं. 2022 मध्ये तर मुख्य भूमीवर तीन वर्षं न राहिलेल्या परदेशी नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मताधिकारही नॉर्वेनं काढून घेतला.

काम आहे तोवरच रहिवासी: हरियाणातल्या गुरुग्रामची अर्थव्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे, असं माझं म्हणणं आहे. फरक एवढाच, की स्वालबार्डमध्ये ते कायद्यात लिहिलेलं आहे आणि इथे ते कुठेच लिहिलेलं नाही. अडीच हजारांचं गाव आणि लाखोंचं शहर यांची तुलना कशी होईल, असा आक्षेप लगेच येईल. तो आकारापुरता खरा आहे. पण छोट्या जागी व्यवस्थेचा सांगाडा उघडा दिसतो, आणि तोच सांगाडा मोठ्या शहरात काचेच्या इमारतींआड झाकला जातो. गुरुग्राममधली वाढही अशीच बाहेरून आलेल्या श्रमावर झाली. हरियाणानं 1975 मध्ये कायदा करून खासगी विकासकांना परवान्यावर वसाहती उभारायची मुभा दिली. डिसेंबर 1983 मध्ये मारुतीची पहिली गाडी इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. 1997 मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं परदेशातल्या कार्यालयांचं कागदी काम इथे आणलं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 73 टक्क्यांनी वाढून पंधरा लाखांवर गेली. इतकी माणसं सामावली जात होती, तेव्हा या दशकाच्या बहुतेक काळात इथे महानगरपालिकाही नव्हती. ती 2008 मध्ये आली. म्हणजे कामगार आधी आले आणि त्यांना नागरिक म्हणून ओळखणारी संस्था एका पिढीनंतर.

हे तत्त्व रोजच्या जगण्यात कसं चालतं, ते पाहायचं तर डुंडाहेडा किंवा दिल्लीच्या हद्दीतल्या कापसहेड्याच्या गल्ल्यांत शिरावं लागतं. उद्योग विहारमधल्या कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई, कटिंग, धागे कापणं, पॅकिंग करणारे लोक इथे राहतात. जमिनी विकून किंवा संपादनात गमावून बसलेल्या गावकऱ्यांनी उरलेल्या गावठाणात तीन-चार मजली चाळी बांधल्या. एकेक खोली कशीबशी दहा बाय दहाची, मजल्यावर सगळ्यांत मिळून संडास, विजेचं मीटर मालकाचं आणि युनिटचा दरही मालकाचाच. किराणा खालच्या, मालकाच्याच दुकानातून घ्यायचा, नाहीतर खोली सोडायची, असा दंडक इथल्या कामगारांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती न मिळणारी भाडेपावती. पावती नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून मतदारयादीत नाव नाही, गॅसची जोडणी नाही, मुलाच्या शाळाप्रवेशाला खेटे. त्या माणसाचं मत बिहारात किंवा बुंदेलखंडात राहतं, आणि ज्या नगरसेवकानं त्याच्या गल्लीतलं गटार उपसून घ्यायचं त्याला या गल्लीची गरज पडत नाही. नॉर्वेला मताधिकार काढायला नियम बदलावा लागला. इथे एक कागद न देण्यानं तेच साधतं.

बाहेरच्या श्रमावर चालणाऱ्या या व्यवस्थेला हरियाणा सरकारनं दिलेलं उत्तर होतं स्थानिकांसाठी 75 टक्के नोकऱ्या राखून ठेवणारा कायदा. 2020 चा तो कायदा 15 जानेवारी 2022 पासून लागू झाला. महिना 30,000 रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्या त्यात येत होत्या. बाहेरून येणाऱ्या कमी पगाराच्या कामगारांमुळे घरं आणि पायाभूत सोयींवर ताण येतो, झोपडपट्ट्या वाढतात, असं कारण त्यासाठी दिलं गेलं. 17 नोव्हेंबर 2023 रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. स्थानिक नोकऱ्यांचा आग्रह महाराष्ट्रातही ओळखीचा आहे, आणि त्यामागची वेदना खोटी नाही. ज्याच्या आजोबांच्या शेतावर कारखाना उभा आहे, त्याला त्या कारखान्याच्या फाटकावरून परतावं लागतं, हा अन्यायच आहे. पण त्याला आत का घेत नाहीत? बाहेरचा अधिक कुशल असतो म्हणून क्वचितच. स्थानिक मुलामागे गाव उभं असतं, पंचायत असते, नातेवाईक असतात. तो अडून बसू शकतो. जवळच्या मानेसरच्या मारुती कारखान्यात 2011 चे संप झाले, 18 जुलै 2012 ला हिंसाचार झाला आणि त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला; त्यानंतर आसपासची मुलं टाळण्याकडे मालकवर्गाचा कल आणखी वाढला. मारुतीतला ‘टीडब्ल्यू’, म्हणजे तात्पुरता कामगार, सात महिन्यांसाठी लागतो आणि मुदत संपली की गावी जातो. बाहेरचा हवा असतो तो त्याच्या मागे कुणी नसतं म्हणून. त्यामुळे कोटा बसवून स्थानिकाचं भलं होणार नाही. बाहेरच्याचा दुबळेपणा संपला, स्थानिकाला टाळून होणारी बचत संपली, तरच मालकाला दोघं सारखे दिसतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कुणी यांना बांधून आणलेलं नाही, गावापेक्षा इथे जास्त मिळतं म्हणूनच येतात. हे खरं आहे, आणि त्या मिळकतीनं दूरच्या खेड्यांत घरांवर पक्की छतं चढली, मुली शिकल्या, हेही खरं आहे. पण मजुरीत फक्त कामाच्या तासांची किंमत असते. त्या कामगाराला वाढवलं गावानं, आजारपणात सांभाळतं गाव, म्हातारपणी परत घेणार तेही गावच. गुरुग्रामचा नफा या न चुकवलेल्या बिलावर उभा आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा काम थांबताच हे शहर त्यांचं उरलं नाही. इथून पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी वडिलांना सायकलवर मागे बसवून बिहारात दरभंग्याकडे निघाली. वडील इथे ई-रिक्षा चालवत. जुलै 2025 मध्ये बंगाली बोलणाऱ्या मजुरांना कागदपत्रांच्या तपासणीसाठी ताब्यात घेऊन ठिकठिकाणी ठेवलं गेलं, तेव्हा पश्चिम बंगाल आणि आसामातले कितीतरी भारतीय नागरिक भीतीनं शहर सोडून गेले. सोसायट्यांत कचरा साचू लागला आणि घरकामाला बायका मिळेनात. ज्यांच्यावाचून आठवडाभर निभत नाही, त्यांना शहराचा रहिवासी मानायला काय हरकत आहे?

खर्च वाढला की उद्योग निघून जातील, हा शेवटचा आक्षेप. मारुतीनं नवा कारखाना काढला तो हरियाणातच, सोनीपत जिल्ह्यातल्या खरखोद्यात. सुट्या भागांचे पुरवठादार, रस्ते, दिल्लीची बाजारपेठ यांची बेरीज मजुरीतल्या थोड्या फरकानं मोडत नाही. आणि इमारतींच्या बाबतीत तर पैसा आधीच वेगळा काढला जातो. बांधकाम मजुरांसाठीच्या 1996 च्या कायद्यांनी बांधकामखर्चावर उपकर बसवला, तो एक टक्का घेतला जातो आणि मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जमा होतो. लाभासाठी मात्र आधीच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदारामागून ठेकेदार बदलत फिरणाऱ्या मजुराला तो दाखला मिळवणंच अवघड.

फिरत्या कामगाराचा हा पेच महाराष्ट्रानं 1969 मध्ये सोडवून दाखवला होता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्यानं हमालाची नोंद मालकाकडून काढून मंडळाकडे दिली. मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मालकानं द्यायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधपाणी हे सगळं मंडळानं पाहायचं. मालक बदलला तरी कामगाराचं खातं तेच राहतं. या मंडळांत पुढे बोगस संघटना शिरल्या आणि कामगारांच्या नावानं खंडणी वसूल होऊ लागली, ही तक्रार रास्त आहे. तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पण त्यासाठी कामगाराच्या खात्यावर गदा आणायचं कारण नाही. 1981 मध्ये हीच कल्पना महाराष्ट्रानं खासगी सुरक्षारक्षकांना लावली. गुरुग्राममध्ये प्रत्येक टॉवरच्या, मॉलच्या, कार्यालयाच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहणारा गार्ड एजन्सीचा असतो. त्याच्या धंद्याला लागू असलेला 2005 चा केंद्रीय कायदा मुख्यत्वे एजन्सीच्या परवान्याचा आहे. फाटक बदललं, एजन्सी बदलली तरी गार्डबरोबर चालत राहील असं त्याच्या नावाचं खातं उघडायचं, आणि त्या खात्याच्या पासबुकावर तो आज जिथे झोपतो त्या खोलीचा पत्ता लिहायचा, एवढं काम हरियाणाला एका विधेयकानं सुरू करता येईल.