लोकमान्यांचा आवाज : पुरावा कोणता ?

जुनी तसबीर पाहून घरांतील वडील माणूस आजोबांना ओळखतें, कारण त्यानें त्यांना पाहिलेलें असतें. आवाजाचेंहि तसेंच आहे. परंतु बोलणारा गेला आणि त्याला ऐकणारेहि गेले, म्हणजे तबकडीवरील आवाज अमक्याचाच हें ठरवावयाचें कसें ?

महाराष्ट्रापुढें हा प्रश्न २०१२ सालीं उभा राहिला. पुण्याच्या केसरीवाड्यांतील १९१५ च्या गणेशोत्सवांत घेतलेलें म्हणून एक ध्वनिमुद्रण त्या वर्षीं पुढें आलें. गायनाच्या वेळीं गडबड करणाऱ्या श्रोत्यांना बजावणारा त्यांतील आवाज लोकमान्य टिळकांचा, असें सांगण्यांत आलें. कराचीच्या एका संगीतप्रेमी व्यापाऱ्यानें तें मुद्रण केलें, अशी त्याची हकीकत होती. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले. ज्यांची वाणी महाराष्ट्रानें इतकीं वर्षें केवळ वर्णनांतून जाणली, ते प्रत्यक्ष बोलत आहेत या कल्पनेनेंच अनेकांना गहिंवर आला. जाणकारांनीं मात्र शंका काढल्या, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली शंका यंत्राची. विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत १९२५ च्या सुमारास व्यवहारांत आली. त्यापूर्वीं गायकाला कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून खड्या आवाजांत गावें लागे. आवाजाच्या जोरानें पडदा कंप पावे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरी. भरगच्च मांडवांतील बोलणें अशा कर्ण्यांत स्पष्ट उतरणें फार अवघड. शिवाय तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. म्हणून त्या काळचें म्हणून एखादें लांब व स्वच्छ मुद्रण कानीं पडलें, कीं तें कोणत्या यंत्रानें घेतलें हें आधीं विचारावें लागतें.

दुसरी शंका तुलनेची. बालगंधर्वांच्या तबकड्या विपुल आहेत. त्यांच्या नांवावर एखादी संशयास्पद तबकडी आली, तर ती इतरांशीं ताडून पाहतां येते. टिळकांचा दुसरा कोणताहि निर्विवाद आवाज हातीं नाहीं. बालगंधर्वांचे गुरु भास्करबुवा बखले यांचीहि गोष्ट अशीच आहे. बुवा १९२२ सालीं वारले. सर्वमान्य असें त्यांचें मुद्रण उपलब्ध नसल्यानें त्यांच्या गायकीचा अंदाज शिष्यांच्या गाण्यावरून बांधावा लागतो. अशा ठिकाणीं श्रद्धा कानाला साक्षीदार बनवूं पाहते. पण जो आवाज कधींच ऐकला नाहीं, तो कानानें ओळखावा तरी कसा?

तिसरी बाब मूळ वस्तूची. प्रतीवरून प्रत काढली, कीं आवाज राहतो, पण त्याचा जन्मदाखला नाहींसा होतो. १९०२ सालीं कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठीं गातांना गोहरजान गाण्याच्या शेवटीं स्वतःचें नांव उच्चारी. त्या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत आणि तेथील कामगारांना गायिका ओळखण्याची ती खूण होती. पुढें ही प्रथा मागें पडली. मुद्रण-क्रमांक मात्र राहिला. तो तबकडीच्या मध्यभागीं, लेबलाजवळ लाखेंतच उमटविलेला असतो, आणि कंपनीच्या नोंदींशीं जुळविला तर मुद्रणाचा काळ उलगडूं शकतो. टिळकांच्या आवाजाचा दावा सिद्ध करावयाचा, तर मूळ तबकडी किंवा तार स्वतंत्र परीक्षकांसमोर ठेवणें हाच सरळ मार्ग होय. आणि तें ओझें शंका घेणाऱ्यावर नव्हे, दावा करणाऱ्यावर आहे.

मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या बाजूच्या घरांतून माळ्यावर जुन्या तबकड्या अजूनहि सांपडतात. दमट हवेनें त्यांवर बुरशी चढते आणि कागदी लेबल सुटूं लागतें. तें उपटून फेकूं नये, वा तबकडी भिजवून धुऊं नये. ती उभी ठेवावी, लाखेंतील क्रमांक वहींत उतरून घ्यावा, आणि ती घरांत कोणीं, कोठून व केव्हां आणली हें माहीत असणारें वडील माणूस आहे तोंवर त्याच्याकडून विचारून त्याच पानावर लिहून ठेवावें.