बोट सुजतं तेव्हा आत काय चालतं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मैत्रीण पदराआड बोट लपवून बसली होती. उसाचा पाला काढताना पात्यानं कापलेलं. म्हणाली, "ताई, जखम एवढीशी आणि सूज बघा केवढी!"

तिच्या प्रश्नाचं उत्तर आज सांगते.

घराला गिलावा असतो तसं रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. हा गिलावा मात्र जिवंत आहे, निरोप ऐकतो. जखमेतून जंतू शिरले की कातडीतल्या राखणदार पेशी रसायनांतून निरोप धाडतात, "इथं घुसखोरी झाली." मग जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं. म्हणून जागा लाल आणि गरम होते.

रक्तातून पांढऱ्या पेशी वेगानं पळत असतात. त्यांना थांबवणार कोण? "हात दाखवा, एसटी थांबवा" आठवतं ना? तसंच अस्तर आपले चिकट हात बाहेर काढतं. पांढरी पेशी त्यांना अडखळते, घरंगळते, थांबते आणि अस्तराच्या फटीतून जखमेकडे उतरते. त्याच फटींतून रक्तातलं पाणी पाझरतं, ती सूज. लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी म्हणजे बराचसा पू. जंतू संपले की निरोप थांबतात, सूज ओसरते.

पण जंतू आटोक्यात आले नाहीत, तर हीच हाकाटी अंगभर पसरू शकते. सगळीकडच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं थकतात. याला सेप्सिस म्हणतात. यात जीव जाऊ शकतो.

म्हणून जखम साबणानं, वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवा. तंबाखू, चुना, माती लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. लाल जागेच्या कडेनं पेनानं रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, हातावर लाल पट्टा चढला, ताप किंवा हुडहुडी आली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. साखरेचा आजार असेल तर रेघेचीही वाट बघू नका. धाप लागली, बडबड सुरू झाली, लघवी कमी झाली, तर लगेच 108 ला फोन करा.

त्या मैत्रिणीच्या बोटाभोवती मी बैठकीतच रेघ मारली होती. सकाळी लाली मनगटापर्यंत आलेली. भांगलणीचा खाडा करून ती दवाखान्यात गेली, औषधाचा डोस पुरा केला. आता त्याच हातानं भाकरी थापते.

एका दिवसाची मजुरी बुडाली, हात वाचला. हिशोब तुम्हीच करा, बायांनो.