सर्व्हरमधली पाणीवाटणी

पीककर्ज आणि पीकविम्याचे दिवस आले की शिरूर-दौंडच्या गावांत सातबाऱ्यासाठी धावपळ सुरू होते. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला आणि तलाठी कार्यालयापुढची बरीचशी रांग सर्व्हरपुढे गेली. एकाच वेळी शेकडो जण गट नंबर टाकतात, तेव्हा अशी रांग किती वेगाने पुढे सरकेल हे बरेचसे मेमरीच्या वाटपावर ठरते.

पोस्टग्रेस या मोफत मिळणाऱ्या डेटाबेसचे उदाहरण घेऊ. तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस सुरू करतो. एका प्रोसेसची मेमरी दुसरीला दिसत नाही, हा ऑपरेटिंग सिस्टीमचा नियम. मग एकच नोंद दोनशे प्रोसेसनी दोनशे वेळा डिस्कवरून आणायची का? ते टाळण्यासाठी मेमरीचा एक तुकडा सामाईक ठेवतात. हीच शेअर्ड मेमरी. एकीने आणलेली नोंद बाकीच्यांना तयार मिळते.

अशा तुकड्यांवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, मर्यादा असते. ती कालव्याच्या पाणीवाटणीसारखी: शिरूरला चासकमानचा कालवा, दौंडला खडकवासल्याचा. एका चारीला किती पाणी आणि सगळ्या चाऱ्यांना मिळून किती, हे दोन वेगळे निर्णय. इथेही 'एसएचएममॅक्स' ही एका तुकड्याची मर्यादा, तर 'एसएचएमऑल' ही सगळ्यांच्या बेरजेची. गोम अशी की पहिली बाइटमध्ये मोजतात, दुसरी पेजमध्ये. पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा भाग, सहसा ४,०९६ बाइटचा. म्हणजे ४ जीबीसाठी पहिला आकडा ४,२९,४९,६७,२९६ आणि दुसरा १०,४८,५७६. चुकून दुसरा पहिल्याच्या जागी पडला, तर मर्यादा अवघी १ एमबी होते.

पूर्वी लिनक्समध्ये एका तुकड्याची मर्यादा मुळातच ३२ एमबी असे. ती वाढवल्याशिवाय मोठा डेटाबेस सुरूच होत नसे. २०१३ मध्ये पोस्टग्रेस ९.३ ने मुख्य तुकडा या मर्यादेत न येणाऱ्या वेगळ्या पद्धतीने घ्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये लिनक्स ३.१६ ने ही मर्यादा जवळपास उठवली.

आता कर्नल अडवत नाही, तेव्हा किती घ्यायचे हे आपणच ठरवायचे. पोस्टग्रेसपुरते सांगायचे तर एकूण मेमरीच्या पाव हिश्श्यापासून सुरुवात करतात: १६ जीबीत ४ जीबी. उरलेली वाया जात नाही. कर्नल तिच्यात फाइलींचा मजकूर हाताशी ठेवतो आणि नोंदी क्रमाने लावायला प्रोसेसनाही ती लागते. सगळी सामाईक तुकड्यात कोंबली, तर मेमरी संपताच कर्नल एखादी प्रोसेस बंद पाडतो. ती डेटाबेसचीही असू शकते.

एक खर्च चटकन दिसत नाही. सामाईक तुकड्यातले कोणते पेज कुठे आहे, याची नोंदवही प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. एका पेजच्या नोंदीला ८ बाइट लागतात. सगळा ४ जीबी वापरला गेला तर एका प्रोसेसची नोंदवही ८ एमबीची, दोनशेंची मिळून सुमारे १.६ जीबी. २ एमबीची 'ह्यूज पेज' वापरली तर नोंदी उरतात २,०४८ आणि एका प्रोसेसचा खर्च १६ केबीवर येतो. मात्र ही पेज आधीच राखून ठेवावी लागतात आणि राखलेली जागा इतर कामांना मिळत नाही.

म्हणून सर्व्हर मंदावला की जुन्या टिपणातला आकडा उतरवून घेऊ नये. जोडण्या किती, डिस्कवर किती वेळा जावे लागते आणि नोंदवह्यांनी किती मेमरी खाल्ली, हे आधी मोजावे. नवी मेमरी विकत घेण्यापेक्षा हे मोजमाप स्वस्त पडते.