भांडी धुण्याच्या यंत्रातील वक्रनलिका

आमच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आले तेव्हा कारागिराने त्याची सांडपाण्याची नळी सरळ मोरीच्या जाळीत सोडली. यंत्र पाणी घेई आणि ते तसेच निघून जाई. भांडी खरकटीच!

कारण तुमच्या पुस्तकातच आहे. पंपाने नळी एकदा पाण्याने भरली, की पंप थांबला तरी प्रवाह थांबत नाही. नळीचे तोंड यंत्रातील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असल्याने तिची वक्रनलिका, म्हणजेच सायफन, बनते. बादली व रबरी नळी घेऊन करून पाहा. तोंड पातळीच्या वर उचलताच धार थांबते. यंत्रातले पाणी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असते. तेव्हा नळी सुमारे ४० सेंटिमीटर उंचीवर जोडली की काम झाले.

पण ती सिंकच्या निचऱ्याच्या नळाला जोडली तर दुसरेच संकट! नळ तुंबल्यास सिंकमधले घाण पाणी उलटे यंत्रात शिरेल. म्हणून नळीचा मधला भाग आधी ओट्याच्या अगदी खालपर्यंत चढवून बांधतात. मग सिंक जवळजवळ काठोकाठ भरेपर्यंत ते पाणी हा चढ ओलांडू शकत नाही, आणि तोवर कुणाचे तरी लक्ष जातेच. आमची नळी मी साध्या सुतळीने बांधली आहे.