पोटाचे जुने दुखणे आणि परदेशची नोकरी

रत्नागिरी : कोकणी माणसाला पोटासाठी गाव सोडणे नवे नाही. पूर्वी तो बोटीने मुंबईला जात असे. पुढे त्याची पावले दुबई, दोहा, कुवेतकडे वळली; कित्येक घरांतील मुले मालवाहू जहाजांवर रुजू झाली. मात्र ज्या पोटासाठी ही धडपड, तेच दुखणाईत असेल तर? मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्सचा आजार, किंवा आतड्याला इजा नसतानाही कळा आणून शौचास पळवणारा आयबीएस ही दुखणी बहुधा तरुणपणीच डोके वर काढतात. नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणीही त्याच वयात होते. साहजिकच दुखणे लपवण्याचा मोह होतो.

हा मोह सर्वांत महाग पडतो तो जहाजावर. एवढ्या प्रचंड जहाजावर डॉक्टर असणारच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावरच डॉक्टर सक्तीचा आहे. मालवाहू जहाजावर माणसे असतात वीस-पंचवीस. तेथे औषधांची पेटी एखाद्या प्रशिक्षित अधिकाऱ्याच्या ताब्यात असते आणि अडचण आल्यास किनाऱ्यावरील डॉक्टरांचा सल्ला रेडिओ वा उपग्रहाद्वारे घेतला जातो. रोममधील केंद्र १९३५ पासून जगभरच्या जहाजांना असा सल्ला देत आले आहे. परंतु खलाशाला कोलायटिस आहे हेच ठाऊक नसेल, तर सल्ला साध्या जुलाबाचा मिळणार. अंगदुखीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्याही आतड्याचा दाह वाढवू शकतात.

याच करारात आणखी एक कलम आहे, जे सही करताना फारसे कोणी वाचत नाही. नोकरीवर रुजू होताना जाणूनबुजून लपवलेल्या आजाराच्या खर्चातून जहाजमालकाला वगळण्याची मुभा त्यात देशांच्या कायद्यांना दिलेली आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. म्हणजे लपवलेले दुखणे समुद्रात उसळले, तर तब्येतीबरोबर उपचारखर्चावरील हक्कही धोक्यात येतो. उलट आजार कित्येक महिने शांत असल्याचे पोटविकारतज्ज्ञांचे पत्र दाखवले, तर निदान चर्चेला जागा राहते. नोकरी मिळेलच असे नाही, हेही खरे.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत जाताना पीतज्वराची लस लागते. ही जिवंत विषाणूंची लस आहे. कोलायटिस वा क्रोन्ससाठी ॲझाथायोप्रिन, मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड किंवा जैविक इंजेक्शने घेणाऱ्यांना ती सहसा देता येत नाही. अशा वेळी डॉक्टर सूटपत्र देऊ शकतात. पण ते मान्य करायचे की नाही, हे त्या त्या देशाच्या हाती असते. लस घेता येत असेल, तर ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते.

आखाताकडे जाणाऱ्यांचा घोटाळा होतो तो औषधांच्या पिशवीत. आपल्याकडे आयबीएससाठी लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड हा मनावर परिणाम करणारा घटक असतो. जुलाब थांबवणाऱ्या काही गोळ्यांतील डायफिनॉक्सिलेट हा अफूच्या कुळातला. दोन्ही आंतरराष्ट्रीय करारांनुसार नियंत्रित घटक आहेत. रुग्णाच्या लेखी मात्र ती 'पोटाची गोळी' एवढीच असते. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे नेण्यासाठी तेथील आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. तेव्हा तिकीट काढण्याआधी प्रत्येक पट्टीवरील घटकांची नावे डॉक्टरांसोबत तपासावीत आणि शक्य असल्यास पर्यायी औषध मागून घ्यावे. खसखशीचेही तसेच. काही घरांत पोट बांधण्यासाठी ती देतात, आणि आईने प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवर ती असतेच. पण अमिरातीत तिला बंदी आहे. अनारसे घरीच खाऊन निघालेले बरे!

औषधे मूळ पट्टीत, इंग्रजीतील चिठ्ठीसह हातातील बॅगेत ठेवावीत. जैविक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागतात. ती सामानाच्या कक्षात देऊ नयेत. तेथे ती गोठण्याची शक्यता असते आणि बॅग हरवली तर उपचारच खंडित होतो. हातातल्या थंड पेटीतही ती थेट बर्फाला टेकता कामा नयेत.

परक्या देशात जुलाब लागल्यास जुने दुखणे उसळले की नवा संसर्ग झाला, हे स्वतः ठरवू नये. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि सोबत ताप किंवा वेगाने चालणारी नाडी असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. अशा अवस्थेत जुलाब थांबवणारी गोळी घेतल्यास आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते. तोवर मीठसाखरेचे पाणी चालू ठेवावे : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

राहिला प्रश्न निरोपाच्या जेवणाचा. रात्रीची गाडी धरून मुंबई, तेथून विमान, आणि त्याआधी पाहुण्यांच्या आग्रहाचे कोंबडी-वडे, हा आपल्याकडचा शिरस्ता. नाजूक पोटाच्या माणसाने त्या संध्याकाळी मऊभात-मेतकुटावर भागवले, तर यजमानांनी रागावू नये.