एका इंचाचा हिशेब

इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यातून १९६२ पासून १९८० पर्यंत बाहेर पडलेल्या 'एमजीबी' या छोटेखानी स्पोर्ट्‌स मोटारीच्या पहिल्या पिढीने आता साठी ओलांडली आहे. पाच लाखांहून अधिक संख्येने निर्माण झालेल्या या गाडीचे ममतेने जतन करणारे हौशी लोक ब्रिटन-अमेरिकेत अद्यापि पुष्कळ आहेत. आणि इंजिन, रंग, बैठकीचे कातडे ही सारी मूळ बरहुकूम राखण्याविषयी विलक्षण कटाक्ष बाळगणाऱ्या या मंडळींचा निर्धार जर कोठे ढळत असेल, तर तो चाकांच्या बाबतीत. कारखान्याने दिलेली चौदा इंची पोलादी किंवा तारांच्या आऱ्यांची चाके उतरवून त्यांच्या जागी पंधरा, सोळा, प्रसंगी सतरा इंची मिश्रधातूची चाके चढविण्याची इच्छा पुष्कळांना होते. ही इच्छा डोळ्यांच्या सुखासाठी उत्पन्न होत असली, तरी तिचा निवाडा यामिकीच्या नियमांनीच करावा लागतो.

मिश्रधातूचे चाक हे काही आजकालचे खूळ नव्हे. एत्तोरे बुगाती याने १९२४ साली लियाँ येथील ग्रां प्री शर्यतीत 'टाइप ३५' ही आपली मोटार उतरविली, तेव्हा तिची आठ चपट्या आऱ्यांची चाके अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव होती आणि ब्रेकचा ड्रम चाकाशीच एकजीव केलेला होता. पुढे १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये 'मिनी' या चिमुकल्या गाडीकरिता मॅग्नेशियमची 'मिनिलाइट' चाके निघाली आणि शर्यतींच्या मैदानातून ती सामान्य रस्त्यावर आली. या दोन्ही प्रसंगी कर्त्यांचा मुख्य हेतू शोभेचा नव्हता. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट, अ‍ॅल्युमिनियमची सुमारे २.७ पट आणि मॅग्नेशियमची तर केवळ १.७४ पट, तेव्हा धातूची जाडी काहीशी वाढवूनही चाक हलके करता येते, हे त्यामागील इंगित होते.

चाकाच्या हलकेपणाला एवढे महत्त्व का, याची कारणे दोन. मोटारीचा सांगाडा, इंजिन व प्रवासी यांचा भार स्प्रिंगांच्या वर असतो, तर चाक, टायर आणि ब्रेक हे स्प्रिंगांच्या खाली, प्रत्यक्ष रस्त्याशी झुंजत असतात. खड्ड्यातून उसळलेले चाक जितके जड, तितके त्याला पुन्हा जमिनीवर आणून टेकविणे स्प्रिंगला कठीण. आणि जेवढा काळ ते अधांतरी राहते तेवढा काळ ब्रेक व स्टिअरिंग या दोहोंचा अंमल त्याच्यावर चालत नाही. दुसरे कारण असे, की चाक पुढे जाते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतेही. म्हणून गाडीला वेग देताना टायरच्या परिघावरील एक किलो वस्तुमान इंजिनाला जवळजवळ दोन किलोंइतके भारी पडते. फिरण्यातील हे जडत्व वस्तुमानाच्या सम प्रमाणात, परंतु त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चौदा इंची रिमच्या जागी तेवढ्याच वजनाची सोळा इंची रिम बसविली, तर केवळ धातू मध्यापासून दूर सरकल्यामुळे त्या रिमचे जडत्व सुमारे एकतीस टक्क्यांनी वाढते; आणि मोठ्या रिमला धातूही अधिक लागत असल्याने प्रत्यक्षातील वाढ याहून जास्तच भरते. म्हणजे ज्या हलकेपणासाठी मिश्रधातूचा पुरस्कार करावयाचा, तोच आकाराच्या हौसेपायी गमावून बसण्याचा हा प्रकार होय.

आता व्यासाचा जमाखर्च पाहू. एमजीबीला सर्रास बसविला जाणारा १६५/८० आर १४ या मापाचा टायर घेतला, तर त्याची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर आणि रिमचा व्यास धरून एकंदर व्यास सुमारे ६२० मिलिमीटर होतो. पंधरा इंची रिमवर १८५/६५ मापाचा टायर चढविल्यास व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो आणि फरक नगण्य राहतो. पण त्याच रिमवर १९५/६५ मापाचा टायर घातला, तर तो ६३४.५ मिलिमीटरवर जातो. मूळ व्यासाहून हा सुमारे २.४ टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटला, तरी वेगमापकाची तार गिअरबॉक्समधून निघत असल्यामुळे काटा शंभरावर असताना गाडी खरोखर एकशे दोनच्या पुढे धावत असते, आणि सर्व गिअर तेवढ्या प्रमाणात लांबल्यामुळे १,७९८ घन सेंटिमीटरच्या त्या जुन्या इंजिनाला चढावर अधिक धाप लागते.

बाहेरचा व्यास कायम राखून रिम वाढवावयाची, तर टायरची भिंत आखूड करण्यावाचून गत्यंतर नाही. चौदा इंची चाकावर १३२ मिलिमीटर असणारी ही भिंत पंधरा इंचीवर १२० आणि १९५/५५ मापाच्या सोळा इंचीवर १०७ मिलिमीटर उरते, तर २०५/४५ मापाच्या सतरा इंचीवर ती ९२ मिलिमीटरांवर येते. ही हवेने भरलेली भिंत गाडीची पहिली स्प्रिंग होय. ती जे धक्के पचवीत होती ते आता शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, रबरी बुश आणि पत्र्याचा सांगाडा यांच्या माथी येतात. एमजीबीच्या अभियंत्यांनी मागचे पाटे आणि पुढची स्प्रिंग यांचा ताठरपणा उंच भिंतीचे टायर गृहीत धरूनच ठरविला होता. चाक, टायर, स्प्रिंग, स्टिअरिंग आणि गिअर यांमध्ये कारखान्यात झालेला तो एक तहनामाच होता, आणि त्यातील एकच कलम परस्पर बदलले, की उरलेल्या कलमांची फेरतपासणी करणे क्रमप्राप्त ठरते.

रुंदीचे प्रकरण याहून नाजूक आहे. भार आणि हवेचा दाब तेवढाच राहिल्यास रुंद टायरचा जमिनीला टेकणारा ठसा क्षेत्रफळाने फारसा वाढत नाही. तो आखूड व रुंद होतो, एवढेच. अशा ठशामुळे वळणावर पकड लवकर येते व अधिक येते, परंतु ती सुटतेही एकाएकी, आणि जुना अरुंद टायर घसरण्यापूर्वी स्टिअरिंगमधून जी पूर्वसूचना देत असे ती क्षीण होते. शिवाय मडगार्डाच्या आत रुंद टायर मावावा म्हणून चाक बाहेर सरकविले, तर बेअरिंगवरील तरफेचा हात लांबतो आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरविणे जिकिरीचे होते. एमजीबीच्या पुढील बाजूस तर शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा दांडाच चाकाला वरून धरणाऱ्या भुजेचे काम करतो. सबब रुंद टायरने वळणावर उत्पन्न केलेला वाढीव आडवा जोर थेट त्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या आसावर पडतो.

मूळ कंपनीच्या वारसांनी या प्रश्नाचे उत्तर कसे दिले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९९२ साली 'आरव्ही ८' या नावाने हीच गाडी पुन्हा सादर झाली, तेव्हा तिला पंधरा इंची मिश्रधातूची चाके आणि २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. परंतु त्यासाठी मडगार्ड रुंद केले गेले आणि भुजेचे काम करणारे जुने शॉक-अ‍ॅब्सॉर्बर काढून नळीच्या आकाराचे नवे बसविण्यात आले. रिम एकच इंच वाढली खरी, पण तिच्यासाठी अर्धी गाडी नव्याने आखावी लागली.

धातूचा स्वभावही ध्यानी घ्यावयास हवा. पोलादावरील ताण एका मर्यादेखाली राहिला, तर ते कोट्यवधी हेलकावे सोसूनही सहसा भंगत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसल्यामुळे वर्षानुवर्षे वापरलेल्या जुन्या ओतीव चाकात आऱ्याच्या मुळाशी सूक्ष्म तडे संभवतात, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही. मिश्रधातूच्या चाकाची बैठक जाड असल्याने पोलादी चाकाचे नट त्याला चालत नाहीत; योग्य उताराचे नट व पुरेशा लांबीचे बोल्ट यांची तजवीज करून काही अंतर गाडी चालविल्यानंतर ते पुन्हा आवळून पाहणे अत्यावश्यक असते.

हिंदुस्थानातील वाचकांसाठी एक कायदेशीर बाब नमूद करतो. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होण्यासाठी ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते. तेव्हा मूळची चाके भंगारात देण्याची घाई करू नये.

सारांश, रिमचा व्यास एका इंचाहून अधिक वाढवू नये, टायरचा बाह्य व्यास मूळचाच राखावा, नवे चाक टायरसह तागडीत घालून जुन्याहून जड नाही याची खात्री करावी, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून व स्प्रिंग पूर्ण दाबून टायर कोठे घासत नाही हे पाहावे. या अटी पाळणारी पंधरा इंची चाके जुन्या एमजीबीला खुशाल बसवावीत. त्यापलीकडची चाके ही केवळ शोभेची बाब असून तिची किंमत गाडीची पकड, आराम आणि आयुष्य यांतून वसूल होते.