आंघोळीपासून अक्षरापर्यंत

शिक्षणाने मुलाचे शरीर, बुद्धी आणि अंतःकरण या तिहींची वाढ साधली पाहिजे, या तत्त्वाला उघड विरोध करणारा मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. आणि तरीही शरीराला कवायतीचा एक तास, बुद्धीला उरलेला सारा दिवस आणि अंतःकरणाला आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाची तासिका अशी वाटणी करून बहुतेक शाळा आपले कर्तव्य पार पडले असे मानतात. ही वाटणीच मला मुळात चुकीची वाटते. लहान मुलाच्या बाबतीत हे तीन विषय नाहीतच. एकाच कृतीत ती तिन्ही वाढतात, नाहीतर एकदमच खुंटतात. या म्हणण्याला मला ठाऊक असलेला सर्वांत सबळ आधार म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील बोर्डी व कोसबाड येथे उभे केलेले काम.

ताराबाई 1914 साली पदवीधर झाल्या, काही काळ राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख होत्या, आणि 1923 साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. गिजुभाईंचे बालमंदिर मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांवर चालत असे. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत 1907 साली मॉन्टेसरीबाईंनी पहिले बालगृह उघडले, आणि मुलाला बसवून शिकवण्यापेक्षा त्याच्या हाताला योग्य वस्तू दिली तर ते स्वतःच शिकते, हे दाखवून दिले. चढत्या आकाराचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे, बटणे लावण्याच्या चौकटी या साधनांत चूक कोठे झाली हे साधनच मुलाला सांगते. शिक्षकाला रागवावे लागत नाही आणि मुलाला कोणाची भीती बाळगावी लागत नाही. त्याच पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. सारी मुले डोळे मिटून निश्चल बसतात, पानांची सळसळ किंवा स्वतःचा श्वास ऐकतात, आणि दुरून हलक्या आवाजात आपले नाव आले की पावलांचा आवाज न करता उठून जातात. चार वर्षांचे मूल स्वतःच्या शरीरावर स्वतःच्या इच्छेने ताबा मिळवते, तेव्हा त्याला जो आनंद होतो तो कोणत्याही प्रवचनाने देता येणार नाही.

पुढे 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका निघू लागली, आणि 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. येथवरचे काम मुख्यतः शहरी मध्यमवर्गाच्या मुलांपुरते होते, आणि या मर्यादेचे शल्य त्यांना होते. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हात, मस्तक आणि हृदय यांना जोडणाऱ्या नयी तालीमचा विचार मांडला होता. खेड्यातल्या सर्वांत गरीब मुलापर्यंत बालशिक्षण कसे न्यायचे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. अखेर 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई तेथे येऊन दाखल झाल्या.

तेथील परिस्थितीचा विचार केल्याशिवाय त्या कामाचे मोल कळणार नाही. त्याच वर्षी उंबरगाव आणि डहाणू या तालुक्यांत किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली समाज सावकार व जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उभा राहत होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी मालकापुढे मान वर केली नाही त्यांची मुले शाळेच्या इमारतीत पाऊल टाकायलाच बिचकत. हरिजन वस्तीतील मुलांच्या वाट्याला तर अस्पृश्यतेचा जाच होताच. अशा मुलांसाठी घंटा वाजवून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. म्हणून शिक्षिका वस्तीत गेल्या आणि शाळा मुलांच्या अंगणात भरू लागली. मुले येत नाहीत याचा दोष मुलांवर किंवा पालकांवर न टाकता शाळेनेच आपली जागा बदलावी, हा या प्रयोगातला मला सर्वांत मोठा वाटणारा निर्णय होय.

तेथील दिवसाची सुरुवात स्वच्छतेने होई: आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे. वरवर पाहता ही केवळ आरोग्याची तजवीज; परंतु ज्या मुलाला स्पर्श करणेही गावाने निषिद्ध मानले होते, त्याच्या अंगावर एक सुशिक्षित बाई मायेने पाणी घालते, तेव्हा त्वचा स्वच्छ होते त्याच क्षणी आपण प्रेमास पात्र आहोत ही जाणीवही त्याच्या मनात रुजते, आणि गार-ऊन, ओले-कोरडे हे भेद ओळखण्यात बुद्धीही कामाला लागते. परदेशी साधने तेथे महाग तर होतीच, शिवाय निरुपयोगीही होती. ज्याच्या अंगावर बटणाचा सदराच नाही त्याने बटणांच्या चौकटीचे काय करावे? तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे, पाने, माती आणि बांबू हीच साधने झाली. मोजणे, वर्गीकरण करणे, लहानमोठे ओळखणे हे सारे त्यांतून साधले.

संस्था 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेली आणि काम अधिक खोल झाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी विकासवाडी तेथे आकाराला आली; धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी त्यामुळे भावंडासकट शाळेत येऊ शकली. जी मुले दिवसभर गुरे राखीत, त्यांच्यासाठी शिक्षक रानात जाऊ लागले, आणि त्या शाळेला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत असताना झाडे, पाखरे, किडे, ऊन-सावली यांच्याच आधाराने धडे चालत. गुराख्याच्या पोराजवळ निसर्गाचे जे ज्ञान आधीच असते त्याला शाळेने प्रथमच किंमत दिली, ही गोष्ट त्याला लिहिता-वाचता येण्याइतकीच महत्त्वाची होती.

मुलांच्या अंगणात भरणाऱ्या या शाळेचे अंगणवाडी हे नाव पुढे देशभर गेले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीमार्फत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवांची तरतूद झाली. या योजनेने असंख्य मुलांच्या मुखी घास घातला, त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. परंतु आहार आणि वजन यांची नोंद दप्तरात करता येते, मुलाच्या खेळाची आणि धीटपणाची करता येत नाही, म्हणून कचेरीतून विचारणा होते ती पहिल्या गोष्टींची. अंगणवाडी सेविकेची सकाळ नोंदी करण्यात जाते आणि सहावी सेवा पाठांतरावर येऊन थांबते. नोंदींचे हे ओझे हलके करावे आणि मुलांच्या खेळासाठी राखलेल्या वेळात कोणत्याही खात्याने तिला दुसरे काम सांगू नये, असा स्पष्ट हुकूम सरकारने काढावा. चिंचोके, शिंपले आणि बांबूच्या काड्या जमवायला अंदाजपत्रकात वेगळी रक्कम लागत नाही.